पाण्यातले पाते आणि वहीतली नोंद

नवी वस्तू पहिल्या दिवशी चांगलीच वाटते. नवी सायकल जुनीपेक्षा हलकी चालते, नव्या पेनाने अक्षर सुधारल्यासारखे दिसते, नव्या तव्यावर भाकरी जास्त फुगते. खरे काय ते महिन्याभराने कळते. घरच्या वस्तूंच्या बाबतीत महिनाभर थांबता येते. पण ताशी ५८ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटरबोटीमागे, एका अरुंद फळीवर उभा राहून पाणी कापणारा माणूस त्या फळीखाली नवे पाते बसवतो तेव्हा काय? ते पाते खरोखर चांगले आहे, की नवे म्हणून चांगले वाटते, याचा निवाडा त्याला नीट करावा लागतो. निवाडा चुकला तर पैसे जातात, खेळाचा हंगाम जातो, आणि कधी कधी घोट्याला किंवा मांडीच्या शिरेला कायमची आठवण राहते.

या खेळाला स्लॅलम वॉटर स्कीइंग म्हणतात. मुलांनी तो टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहिला असेल. मोटरबोट, पेट्रोल, शांत पाण्याचा तलाव, महागडी फळी असा सगळा जामानिमा लागत असल्याने तो आपल्या घरांतून खेळला जाईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यातले पाते तपासण्याची जी रीत आहे, ती लेथवर काम करणाऱ्या कामगाराला, शिलाई मशीन चालवणाऱ्या भगिनीला आणि आमच्यासारख्या हिशेबनिसाला सारखीच उपयोगी आहे. म्हणून हा लेख.

आईच्या भांड्यात उकळलेल्या फळ्या

हा खेळ जन्मालाच आला तो करून पाहण्यातून. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात लेक सिटी हे गाव आहे. मिसिसिपी नदी तेथे रुंद होते व त्या पाण्याला लेक पेपिन म्हणतात. १९२२ साली तेथील राल्फ सॅम्युएल्सन या १८ वर्षांच्या मुलाच्या मनात आले की, बर्फावर फळ्या बांधून घसरता येते तर पाण्यावर का नाही? त्याने आधी पिंपाच्या लाकडी पट्ट्या पायांना बांधून पाहिल्या. जमले नाही. मग बर्फावरच्या स्की बांधल्या. त्याही बुडाल्या. मग त्याने सुमारे ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या, त्यांची टोके आईच्या कपडे उकळण्याच्या भांड्यात उकळून मऊ केली आणि वर वळवली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. बोट हाकायला त्याचा भाऊ बेन होता.

तरीही तो पडतच राहिला. शेवटी अंग मागे झुकवून फळ्यांची टोके पाण्याच्या वर ठेवली पाहिजेत हे त्याच्या ध्यानात आले, आणि २ जुलै १९२२ रोजी तो पाण्यावर उभा राहिला. दुसऱ्याच दिवशी त्याला १९ वर्षे पूर्ण झाली. त्याने पेटंट घेतले नाही. १९२५ साली पेटंट मिळाले ते फ्रेड वॉलर या दुसऱ्याच गृहस्थाच्या स्कीला. सॅम्युएल्सनला या खेळाचा जनक म्हणून अमेरिकेतील वॉटर स्की संघटनेने मान्यता दिली ती १९६६ साली. म्हणजे ४४ वर्षांनी! करणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. असो.

फळीखाली पाते बसवण्याची कल्पना समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्यांच्या फळीवर आधी गाजली. १९३५ साली हवाई बेटांवर टॉम ब्लेक याने एका टाकून दिलेल्या मोटरबोटीची धातूची कील घेतली आणि आपल्या फळीच्या मागच्या टोकाखाली बसवली. तोवर वळताना फळीचे शेपूट बाजूला घसरत असे. या एका तुकड्याने ती ताब्यात आली. आजच्या स्लॅलम स्कीचे पाते त्याच तत्त्वावर काम करते. इंग्रजीत त्याला फिन म्हणतात, म्हणजे माशाचा पर.

सोळा सेकंदांची परीक्षा

आता खेळाचे गणित समजून घेऊ. पाण्यात २५९ मीटर लांबीचा मार्ग आखलेला असतो. मधोमध मोटरबोट सरळ जाते. तिच्या डाव्या-उजव्या बाजूंना आळीपाळीने सहा बोये तरंगत असतात. प्रत्येक बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटर दूर. लागोपाठच्या दोन बोयांमध्ये, बोटीच्या दिशेने मोजले तर, ४१ मीटर. खेळाडू दोराची मूठ धरून एकाच फळीवर उभा असतो, एक पाय पुढे व एक मागे. त्याने बोटीची लाट ओलांडून या बाजूच्या बोयाला वळसा घालायचा, मग तसाच तिरपा जाऊन त्या बाजूच्या बोयाला.

स्पर्धेत पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर व स्त्रियांसाठी ५५ किलोमीटर असतो. ५८ च्या वेगाने सगळा मार्ग सुमारे १६ सेकंदांत संपतो. म्हणजे एका बोयासाठी अडीच सेकंद. डोळ्याची पापणी चार वेळा लवावी एवढाच वेळ.

सहाही बोये झाले की शिक्षा मिळाल्यासारखा दोर आखूड करतात. १८.२५ मीटरवरून १६, मग १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५ असा तो कमी होत जातो. वाचकांनी येथे थांबून विचार करावा. बोया ११.५ मीटर दूर आहे आणि दोर १०.२५ मीटरचा! उरलेले अंतर खेळाडूला स्वतःचे अंग व हात ताणून भरून काढावे लागते. २०१३ साली अमेरिकेच्या नेट स्मिथने ९.७५ मीटरच्या दोरावर अडीच बोये केले व विश्वविक्रम नोंदवला. अर्ध्या बोयाचाही हिशेब ठेवणारा हा खेळ आहे. म्हणूनच पात्यातल्या जराशा फरकासाठी माणसे जिवाचे रान करतात.

पाते काय करते?

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग सांगतो. मोठ्या टोपात किंवा टबात पाणी घ्या आणि त्यात उलथणे उभे धरा. त्याच्या धारेच्या दिशेने सरकवा, पाणी सहज कापले जाईल. आता तेच आडवे, पसरट बाजूने ढकला. पाणी विरोध करील. आणि थोडे तिरके धरून ढकलले तर उलथणे एका बाजूला ओढले जाईल. फिनचे सारे काम या तीन हालचालींत आले. पुढे जाताना ते पाण्याला फारसे अडवत नाही, पण फळीचे शेपूट बाजूला सरकू लागले की त्याला धरून ठेवते.

उलथणे फार तिरके केले तर मागे भोवरे उठतात आणि ती ओढ ढिली पडते, हेही दिसेल. फिनचेही तसेच होते. कोन मर्यादेपलीकडे गेला, किंवा वरून हवा खाली खेचली जाऊन पात्याला चिकटली, की पाण्याची पकड सुटते. शेपूट घसरते. खेळाडूच्या हातात बोटीचा दोर, अंगात बोटीची ओढ आणि पायाखाली आधार नाही, अशी अवस्था होते.

हे पाते बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असते. साधारण साडेपाच फुटांच्या फळीच्या शेपटाजवळ, स्क्रूने आवळायच्या एका पकडीत ते बसवतात. त्याची लांबी सुमारे ७ इंच, पाण्यात उतरलेली खोली सुमारे अडीच इंच आणि फळीच्या मागच्या टोकापासूनचे अंतर पाऊण इंचाच्या आसपास. पात्याच्या दोन्ही अंगांना छोटे आडवे पंखही बहुधा लावलेले असतात. ते काही अंश खाली झुकवलेले असतात व बोयाजवळ येताना वेग आवरायला मदत करतात.

पाते पकडीत पुढे-मागे, वर-खाली सरकवता येते. खोली वाढवली की शेपूट घट्ट धरते. फार वाढवली तर ते वळतच नाही, वळण अर्धवट राहते. खोली कमी केली की शेपूट मोकळे होते. फार कमी केली तर घसरून जाते. स्वयंपाकातल्या मिठासारखेच हे, जास्त झाले तरी पंचाईत आणि कमी झाले तरी पंचाईत. शिवाय लांबी, खोली आणि अंतर ही तिन्ही मापे एकमेकांत गुंतलेली. एक हलवले की दुसऱ्याचा परिणामही बदलतो.

इंचाचा हजारावा भाग

ही मापे इंचाच्या हजाराव्या भागात घेतात. आमचे जे वाचक टर्नर-फिटर आहेत, किंवा ज्यांची मुले आयटीआयमध्ये शिकत आहेत, त्यांना कॅलिपर म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. साध्या वहीच्या कागदाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. म्हणजे इंचाचे सुमारे चार हजारांश. स्कीचे जाणकार एका वेळी पाते पाच किंवा दहा हजारांश हलवतात. दहा हजारांश म्हणजे पाव मिलिमीटर. वहीचे दोन-अडीच कागद! एवढ्याशा फरकाने फळी वेगळी वागते असे अनुभवी खेळाडू सांगतात.

येथे पहिली मेख आहे. माप घेणाराच डळमळला तर पुढचे सारे व्यर्थ. कॅलिपरच्या पसरट जबड्याने लांबी मोजली तर एक आकडा येतो, टोकांनी मोजली तर दुसरा, कारण पाते वक्र असते. म्हणून कॅलिपर तोच, मोजणारा तोच आणि मोजण्याची पद्धतही तीच, हा पहिला नियम. दुकानदाराने एका तराजूने माल घ्यावा आणि दुसऱ्याने विकावा, तसा प्रकार येथे चालत नाही.

नवे आकार कोठून येतात?

काहींनी पात्याला भोके पाडून पाहिली आहेत, काहींनी पुढच्या धारेचा वक्र बदलला आहे, काहींनी अ‍ॅल्युमिनियमऐवजी कार्बन धाग्यांचे पाते केले आहे. हेतू एकच. शेपूट हवे तेव्हा धरावे आणि हवे तेव्हा सोडावे.

निसर्गाकडूनही कल्पना येतात. हंपबॅक जातीच्या देवमाशाच्या कल्ल्याची पुढची धार गुळगुळीत नसते, तिच्यावर उंचवटे असतात. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा कल्ल्याच्या नमुन्यांची हवेच्या बोगद्यात चाचणी घेतली. उंचवट्यांच्या धारेची पकड गुळगुळीत धारेपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक कोनापर्यंत टिकली, असे दिसले. हे वाचून कोणालाही वाटेल की, स्कीच्या पात्याला उंचवटे काढा, काम झाले! पण देवमासा दोराला बांधलेला नसतो, आणि त्याचा कल्ला काही स्कीच्या पात्यासारखा पाण्याच्या पृष्ठभागाला लागून धावत नाही. कल्पना कितीही मोठ्या घरची असो, आपल्या फळीवर ती आपणच तपासावी लागते.

तपासणीची रीत

आम्ही आयुष्याची बरीच वर्षे कीर्द आणि खतावणीत घालवली आहेत. तेरीज जुळत नसेल तर कारकून काय करतो? सगळ्या नोंदी एकदम खोडत नाही. एकेक नोंद पाहतो. फिनची चाचणी नेमकी याच शिस्तीने घ्यावी लागते.

जुन्या पात्याची तिन्ही मापे आणि पंखाचा कोन वहीत लिहायचा. मापे लिहिली नाहीत तर परत जागेवर येण्याचा रस्ताच बंद. मग जुन्याच पात्यावर काही दिवस स्कीइंग करून किती बोये होतात ते लिहायचे. एकच उत्तम फेरी लिहायची नाही, सगळ्या लिहायच्या. पडलेल्यासुद्धा.

त्यानंतर नवे पाते बसवायचे. स्क्रू आवळले की पुन्हा मोजायचे, कारण आवळताना पाते हलते. या वेळी दुसरे काहीही बदलायचे नाही. फळी तीच, बूट त्याच भोकांत, दोर तोच, बोट तीच. आज बोटीचा वेग उपग्रहाच्या साह्याने यंत्रच सांभाळते, त्यामुळे चालकाच्या हाताचा दोष बराच कमी झाला आहे. पण वारा आणि पाणी यंत्राच्या हाती नाहीत. १० अंश सेल्सियसचे पाणी ३० अंशाच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून अधिक चिकट असते. म्हणून जुन्या पात्याची नोंद थंडीतली आणि नव्याची उन्हाळ्यातली, असा हिशेब मांडला तर तो हिशेबच नव्हे.

पहिली फेरी बोयांच्या मार्गात घ्यायची नाही. मोकळ्या पाण्यात, कमी वेगाने, लांब दोरावर पाते कसे धरते ते पाहायचे. अनोळखी पाते अचानक धरले किंवा सुटले तर माणूस फळीसह पुढे फेकला जातो, आणि एवढ्या वेगात पाणी मऊ राहत नाही. अंगात तरंगणारे जाकीट आणि बोटीत मागे पाहणारा दुसरा माणूस हवाच. पात्याची धार हात कापते, तेव्हा लहान मुलांना त्यापासून दूर ठेवायचे.

तेरीज कशी जुळते?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. समजा, फ्लोरिडातील एखादा मोटर मेकॅनिक सुट्टीच्या दिवशी १३ मीटरच्या दोरावर खेळतो. जुन्या पात्यावर त्याचे सरासरी चार बोये होतात. नवे पाते लावले आणि आठवड्याभरात सरासरी पाचवर गेली. तो खूश. मित्रांना सांगत सुटतो की पात्याने कमाल केली. यात खोटे काही नाही, पण सिद्धही काही झालेले नाही. आठवडाभर सराव झाला होता. वारा पडला होता. नवे पाते म्हणून तो जास्त विश्वासाने झुकत होता.

निवाडा पुढच्या पायरीत आहे, आणि नेमकी तीच पायरी बहुतेक लोक गाळतात. जुने पाते, जुन्याच मापांवर, परत बसवायचे आणि पुन्हा तितकेच दिवस खेळायचे. सरासरी परत चारवर आली, तर नव्या पात्यात काही दम आहे असे म्हणता येईल. जुन्यावरही पाचच राहिली, तर सुधारला तो माणूस, पाते नव्हे! त्याने ते पैसे वाचवावेत आणि सराव चालू ठेवावा. शक्य असेल तर अदलाबदल सोबत्याने करावी व कोणते पाते लावले ते खेळाडूला सांगू नये. फळी पाण्यात ठेवूनच त्याच्या पायात द्यावी. म्हणजे मनाची लबाडी बरीच कमी होते.

सरासरीबरोबर आणखी एक नोंद हवी. प्रत्येक खेळाडूची एक बाजू सोपी व एक अवघड असते. नव्या पात्याने सोप्या बाजूचे वळण सुंदर झाले आणि अवघड बाजूला पडण्याचे प्रमाण वाढले, तर एकूण आकडा तोच राहील. पण धोका वाढलेला असेल. म्हणून कोणत्या बोयावर पडलो आणि कसा पडलो, शेपूट सुटले की टोक पाण्यात घुसले, हेही लिहायचे. पडण्याची नोंद ठेवायला माणसाला लाज वाटते. परंतु पात्याचा दोष तीच नोंद दाखवते, यशाची नोंद दाखवत नाही.

या साऱ्याचा शेवट बहुधा कसा होतो? नवे पाते वेगळे ठरते, श्रेष्ठ ठरतेच असे नाही. एकाच्या फळीला, वजनाला, उभे राहण्याच्या ढबीला ते मानवते व दुसऱ्याला मानवत नाही. विश्वविजेत्याची मापे जशीच्या तशी आपल्या फळीवर उतरवणारा खेळाडू म्हणूनच फसतो. ती मापे त्या विजेत्याच्या पायांसाठी ठरलेली असतात. सुरुवात म्हणून ती घ्यावीत, शेवट म्हणून नव्हे.

आमच्या मते, ही रीत शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना घरीच शिकवता येईल. नवा साबण आणला, मशीनला नवी सुई लावली, सायकलच्या चाकात हवा कमी-जास्त केली, कुंडीतल्या झाडाला नवे खत घातले, तर मुलांच्या हाती वही द्यावी. आधी काय होते ते लिहा, एकच गोष्ट बदला, काय झाले ते लिहा, मग जुने परत आणून पाहा. जाहिरात काय म्हणते, शेजारी काय म्हणतो, हे त्या वहीत लिहू नये. लेक पेपिनच्या काठी त्या पोराने तिसऱ्या फळ्या उकळायला घेतल्या, तेव्हा पहिल्या दोन का बुडाल्या हे त्याच्या पक्के ध्यानात होते. आपल्या मुलांच्या वहीतही बुडालेल्या फळ्यांची पाने असू द्यावीत. ती फाडू देऊ नयेत, एवढेच आमचे पालकांना सांगणे आहे.